जलशाला पडदा नव्हता

एप्रिल लागला की आमच्या प्रत्येक मंचावर एक दाखला हमखास दिला जातो. आपल्या दहा सभांच्या तोडीचे काम जलशाचा एक कार्यक्रम करतो, असे बाबासाहेब म्हणाले होते, हा तो दाखला. सूत्रसंचालक तो देतो, टाळ्या पडतात आणि मग पुढचे दोन-अडीच तास सभाच चालते. सत्कार, शाली, पुष्पगुच्छ, मनोगते. गायन पार्टी सात वाजल्यापासून ढोलकी चढवून मंडपाच्या मागे बसलेली असते. तिच्या हातात माईक येतो तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात, आणि दहाला पोलीस येऊन आवाज बंद करायला सांगतात. जलशाला सभेच्या दहापट मोठे ठरवणारे वाक्य तोंडी घोळवत आम्ही जलशाला सभेच्या शेपटाला बांधून टाकले आहे.

हा दोष दुसऱ्या कुणाच्या माथी मारायचा नाही. आम्हीही आयोजन समित्यांत बसलो आहोत. पत्रिकेवरची नावे वरखाली करण्यात आमच्याही रात्री गेल्या आहेत. त्याच रात्री मैदानात मंडपाचे खड्डे कोण खणत होते, हे मात्र आज आम्हाला आठवत नाही. आंबेडकरी जलशांवर पुष्कळ लिहिले गेले, पण ते बहुतेक गाण्यांविषयी आणि गाणाऱ्यांविषयी. जलसा उभा कसा राहत होता, भाकरी कुठून येत होती, पेटी कोण वाहत होते, हा प्रश्न किरकोळ समजला गेला. आमच्या मते तोच मूळ प्रश्न आहे. राबायचे कुणी आणि नाव कुणाचे व्हायचे, याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा बंदोबस्त म्हणजे जात. तो बंदोबस्त आपल्या स्वतःच्या उत्सवात शिरला आहे की नाही, हे तपासायचे तर मंचाच्या मागे जावे लागते.

आधी एका जुन्या टोमण्याचा निकाल लावू. भीमजयंती म्हणजे सार्वजनिक गणेशोत्सवाची नक्कल, असे काही विद्वान अजूनही म्हणतात. उत्सव 'सार्वजनिक' असतो म्हणजे काय, याचा अनुभव आपल्या लोकांनी फार लवकर घेतला होता. १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात हाच प्रश्न ऐरणीवर आला. अस्पृश्यांची वर्गणी चालत होती, त्यांच्या हातची पूजा चालत नव्हती. प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आणि बाबासाहेब यांनी त्यावर उघड सवाल केला. वर्गणी घेताना सार्वजनिक आणि फूल वाहताना खाजगी, असा तो कारभार होता. पैसा आणि मेहनत सगळ्यांची, मान मात्र ठरावीक लोकांचा, हे सूत्र आपल्या लोकांनी तिथे उघड्या डोळ्यांनी पाहिले. पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १४ एप्रिल १९२८ रोजी पहिली सार्वजनिक भीमजयंती साजरी केली असे मानले जाते. म्हणजे दादरच्या प्रकरणाला दोन वर्षेही झाली नव्हती. जयंतीमागची प्रेरणा आम्ही त्या बाकी राहिलेल्या हिशेबात पाहतो.

आणि कलेच्या अंगाने बघाल तर आपली वाट आणखी मागून येते. जोतीरावांनी 'तृतीय रत्न' लिहिले ते १८५५ साली. सत्यशोधक समाज १८७३ चा. त्या समाजाचे विचार खेड्यापाड्यांत नेण्यासाठी सत्यशोधक जलसे निघाले. १९२२ साली पुण्यात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी छत्रपती मेळा काढून ब्राह्मणी मेळ्यांना त्यांच्याच गल्लीत उत्तर दिले. १९३० च्या सुमारास भीमराव कर्डक, केशव सुखा आहेर, अर्जुन भालेराव ही माणसे आंबेडकरी जलसे घेऊन उभी राहिली, तेव्हा त्यांच्यामागे ही सगळी परंपरा होती.

आता मुद्द्याची गोष्ट. जलशाने तमाशाचा साचा घेतला हे सगळे सांगतात. गणातला गणपती गेला, गवळणीतला कृष्ण गेला, वगात सावकार, भटजी, नाशिकचा सत्याग्रह, पुणे करार, धर्मांतर आले, हेही सगळे सांगतात. पण तमाशाची आणखी एक गोष्ट जलशाबरोबर आली, तिच्याकडे कुणी फारसे पाहिले नाही. तमाशाला पडदा नसतो.

त्याच काळातले मराठी संगीत नाटक आठवा. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले, तेव्हापासून मखमली पडदा, रंगवलेले देखावे, विंगा आणि रंगपट असा सगळा थाट वाढत गेला. तिथे पुढचे जग वेगळे आणि मागचे वेगळे. पुढे नट, मागे दोर ओढणारा, दिवे सांभाळणारा, भांडी घासणारा. प्रेक्षकाला मागचा माणूस दिसता कामा नये, हेच त्या रंगभूमीचे कौशल्य. तमाशात तसे चालत नाही. उघड्या जागेत, तीन बाजूंनी बसलेल्या लोकांसमोर फड उभा राहतो. ज्याचे सोंग संपले तो आत कुठे जाणार? आत असे काही नसतेच. तो तिथेच मागे सरकून झिलकरी होतो, ध्रुपद उचलतो, तुणतुणे धरतो. एका घटकेचा राजा पुढच्या घटकेला कडे वाजवत उभा असतो. लोकांना ते दिसते आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

जलशाने हे जसेच्या तसे घेतले, आणि आमच्या मते यातच त्याची अर्धी ताकद होती. व्यासपीठावर सावकाराची फजिती करणारा माणूस थोड्या वेळाने खाली येऊन सतरंजी गुंडाळताना दिसला, तर बघणाऱ्याला भाषण न ऐकताही काही समजते. 'जातिभेद निर्मूलन' मध्ये बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि एकावर एक रचलेली आहे. जलशात श्रमाची विभागणी होती. कोणी गात होता, कोणी ढोलकी वाजवत होता. श्रमिकांची विभागणी मात्र नव्हती. ते पुस्तक यायच्या आधीच त्याची तालीम महारवाड्याच्या मोकळ्या जागेत चालू झाली होती, असे आम्ही म्हटले तर कुणी आम्हाला अतिशयोक्त म्हणेल. म्हणू द्या.

हे काम करणारी माणसे कोण होती? भीमराव कर्डक नाशिक जिल्ह्यातल्या कसबे सुकेण्याचे. त्यांनी पुढे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला थोडेफार कळते. बाकी बहुतेकांनी काही लिहिले नाही, त्यांच्याविषयीही कुणी लिहिले नाही. दिवसा गिरणीत, गोदीत, रेल्वेत किंवा शेतावर राबायचे आणि रात्री जलसा करायचा, असे ते आयुष्य. मुंबईच्या बीडीडी चाळी, परळ, माटुंगा लेबर कॅम्प या वस्त्यांत तालमी व्हायच्या त्या कामाच्या पाळ्या सांभाळून.

खेड्यात जायचे म्हणजे सामान वाहायचे. इथे थोडे थांबावे लागेल, कारण ओझे वाहणे ही आपल्या इतिहासात साधी गोष्ट नाही. वतनदार महाराच्या कामांत सरकारी अंमलदाराचे ओझे पुढच्या गावापर्यंत नेणे हेही एक काम होते. वेळी-अवेळी हाक यायची आणि नाही म्हणायची सोय नसायची. १८७४ च्या कायद्याने ही वतने नियमात बसवली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, आणि कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडले. म्हणजे जलशांचा भर होता त्या सगळ्या काळात वेठ कायद्याने जिवंत होती. ज्या खांद्यांनी पाटलाच्या आणि मामलेदाराच्या पेट्या वाहिल्या, त्याच खांद्यांवरून जलशाची पेटी आणि गॅसबत्ती गावोगाव गेली. ओझे तेच, वाटही तीच. पण पहिल्या ओझ्याला नकार देता येत नव्हता आणि दुसरे आपण होऊन उचलले होते. बाबासाहेबांच्या चळवळीने माणूस बदलला म्हणजे काय झाले, हे कुणाला एका चित्रात दाखवायचे असेल तर आम्ही हे दाखवू.

जलसा गावात आला की अडचणी सुरू व्हायच्या त्या गाण्याच्या आधी. पाण्यापासून. त्याचे मूळ उदाहरण महाडचे आहे, आणि ते जलशांच्याही आधीचे आहे. १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेविषयी आपण चवदार तळ्याच्या ओंजळीपासून बोलायला लागतो. पण परिषदेला जमलेल्या हजारो लोकांना प्यायला पाणी हवे होते आणि ते भरायचा हक्क नव्हता. म्हणून ४० रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. आमच्या तरुणांनी हा आकडा पाठ करावा. कुठल्यातरी स्वयंसेवकाने तो खर्च टिपून ठेवला म्हणून तो आज आपल्याला ठाऊक आहे. तळ्याच्या पाण्यावरचा हक्क बजावण्याआधी त्याच परिषदेत पाण्याचे पैसे मोजले गेले होते!

पुढचे तर याहून बोलके आहे. तळ्यावरून लोक परतल्यावर देवळात शिरण्याची अफवा उठली आणि जमाव मंडपावर चालून आला. तेव्हा तिथे लोक जेवत होते, काही परतीच्या तयारीत होते. त्यांना मारहाण झाली आणि शिजलेले अन्न मातीत कालवले गेले. हल्लेखोरांना नेमके ठाऊक होते की परिषद कशावर उभी आहे. भाषण तुडवता येत नाही, भात तुडवता येतो. डिसेंबरात पुन्हा महाडला जायचे ठरले तेव्हा मंडपाला जागा मिळेना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. गावातल्या व्यापाऱ्यांनी माल विकायचे नाकारले, म्हणून धान्य बाहेरून आणून साठवावे लागले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली ती त्या मंडपात. ते धान्य कुणी निवडले, कुणी दळले, चुलीपाशी कोण बसले? आम्ही नावे शोधली. सापडली नाहीत.

हीच गोष्ट लहान प्रमाणात पुढे प्रत्येक जलशाच्या वाट्याला आली. जलसा करायचा तो महारवाड्यात, उतरायचे ते तिथल्याच कुणाच्या घरी, आणि पंधरा-वीस माणसांच्या भाकऱ्या करायच्या त्या त्या घरातल्या आणि शेजारच्या बायांनी. ज्या घरात स्वतःला दोन वेळ पुरत नव्हते तिथले पीठ गोळा होऊन ही भाकरी व्हायची. पावती नसलेली ही वर्गणी. आजच्या भाषेत ज्याला प्रायोजक म्हणतात तो त्या काळी पिठाच्या डब्यात हात घालून तळ चाचपणारी बाई होती.

बायांविषयी बोलायचे तर एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाही. महाडच्या सत्याग्रहाच्या वेळची एक हकीकत सांगितली जाते. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांनी आपल्या खेळांचे उत्पन्न सत्याग्रहाला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते घेतले नाही. आपल्या समाजातल्या स्त्रीला नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, ही ती भूमिका. ती का घेतली हे आम्हाला समजते. तमाशात नाचणारी बाई अस्पृश्य आणि पैसे फेकणारे हात सवर्णांचे, दिवसा जिचा विटाळ तीच रात्री चालते, हा सगळा व्यवहार मोडायचाच होता. म्हणून जलशाने नाची काढून टाकली आणि स्त्रीपात्रे पुरुषांनी केली. पण याचा एक परिणाम असा झाला की बाई मंचावरून गेली आणि चुलीपाशी राहिली. तमाशात राबणाऱ्या बायांचे पुढे काय, हा प्रश्न आपण त्या काळी सोडवला नाही. आजही सोडवलेला नाही. बाबासाहेबांच्या भूमिकेचा आदर राखूनही हे म्हणता येते आणि म्हणायला हवे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले. त्या नावातला 'ही' वाचताना आम्हाला अजून लाज वाटते. साठ वर्षे कुणी विचारलेच नव्हते, म्हणून तो 'ही' घालावा लागला.

एक काम असे आहे जे मंचामागच्या कामांत कुणी धरत नाही. वहीचे काम. वामनदादा कर्डकांचा जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईत आले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. कुणीतरी पत्र वाचून द्यायला सांगितले आणि ते वाचता आले नाही, त्या शरमेपोटी ते अक्षरे शिकले, ही हकीकत आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्यांनी पुढे हजारो गाणी लिहिली आणि २००४ मध्ये जाईपर्यंत गावोगाव फिरत ती गायली. एवढी गाणी राहिली कुठे? विद्यापीठात नाहीत, आकाशवाणीच्या कपाटात नाहीत. ती राहिली दोनशे पानी वह्यांत. ज्या गावी दादा उतरायचे तिथला एखादा शाळकरी पोरगा, एखादा पोस्टमन, एखादा प्राथमिक शिक्षक समोर बसून ती उतरवून घ्यायचा. तशा वह्या आजही पत्र्याच्या पेट्यांत आहेत, काहींना वाळवी लागली आहे. त्याच गाण्यांच्या चार-आठ पानी पुस्तिका छोट्या छापखान्यांत छापून ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि विजयादशमीला दीक्षाभूमीवर जमिनीवर कापड अंथरून विकणारे लोक, हेही या उत्सवाचे कामगारच. आमचे सगळे ग्रंथालय त्या कापडावर मांडलेले असायचे.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत दादरच्या बंगाली हायस्कूलच्या सभागृहात पहिले दलित साहित्य संमेलन झाले आणि उद्घाटन अण्णाभाऊ साठ्यांनी केले. शाळेची पायरी जेमतेम चढलेला माणूस शाळेच्याच सभागृहात साहित्याचे उद्घाटन करतो आहे, हा योग लहान नाही. अण्णाभाऊ आले होते ते १९४४ पासून लाल बावटा कलापथकात ढोलकी आणि डफाच्या संगतीने कामगारांसमोर उभे राहून. त्यांना मंच आणि मागची बाजू यांतला फरक शिकवायची गरज नव्हती.

मग पडदा आला कधी? नेमकी तारीख सांगता येणार नाही, तो हळूहळू आला. कॅसेटच्या काळात भीमगीते घराघरांत गेली, हे मोठेच काम झाले. कव्वालीच्या सामन्यांनी प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते यांच्यासारखे गायक दिले. विठ्ठल उमप तर २०१० मध्ये नागपुरात दीक्षाभूमीवरच्या मंचावर कोसळले ते शेवटचे. ही माणसे आमचा अभिमान आहेत. पण त्याच काळात सुपारी आणि बिदागी आली, त्यामागून ठेकेदार आला, नंतर नगरसेवकाचा फ्लेक्स आला. आता एलईडीची भिंत येते, तिच्यामागे काय चालले आहे ते समोरून दिसतच नाही. डीजेवर तोंडसुख घेणारे लेख दर एप्रिलमध्ये येतात, त्यांत आम्हाला भर घालायची नाही. वाडीवस्तीतल्या पोरांनी वर्षातून एक रात्र नाचू नये, असे म्हणणारे लोक इतरांच्या मिरवणुकांत काय चालते ते बघत नाहीत. आमचा आक्षेप वेगळा आहे. राबणे बाहेर गेले की ठरवणेही बाहेर जाते. मंडप ज्याच्या पैशाचा, पत्रिका त्याची. शाहिराने किती वेळ गायचे हे तो ठरवतो, आणि काय गायचे हेही. संविधानावर गा, खासगीकरणावर नको. बाबासाहेबांवर गा, पण आमच्या वॉर्डातल्या झोपडपट्टीच्या पाडकामावर नको. असे आम्ही स्वतः ऐकले आहे, मंचामागे, चहाच्या कपासोबत.

आणि ७ डिसेंबर. शिवाजी पार्कात लाखो लोक येऊन गेल्यावर उरलेल्या कचऱ्याचे फोटो काढून समाजमाध्यमांवर आपल्याला शिस्त शिकवणाऱ्यांची कमी नसते. ते फोटो काढणाऱ्यांपैकी कुणी झाडू मारणाऱ्याचे नाव विचारले आहे का? आदल्या दिवशी निळी टोपी घालून रांगेत उभा राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी सफाईच्या ठेक्यावर त्याच मैदानात असतो. पण हा सवाल फक्त त्यांना नाही. आम्ही तरी कुठे विचारले?

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या महोत्सवात दुसऱ्या रात्री वीज गेली. एक पोरगा पहाटेपर्यंत जनरेटरजवळ बसून राहिला, डिझेल संपत आले की ओतत राहिला, धुराने त्याचे डोळे सुजले. समारोपाला आभाराची यादी एकोणीस नावांची होती. त्यात तो नव्हता, पोळ्या करणाऱ्या बाया नव्हत्या, पताका लावणारे नव्हते. यादी आम्हीच केली होती.

यंदाच्या बैठकीत आम्ही दोन गोष्टी मांडल्या. जमाखर्च मंडपाच्या तोंडाशी मोठ्या फळ्यावर लिहायचा, आणि त्यातच कुणी काय काम केले तेही नावानिशी लिहायचे, मग ते पाणी भरणे असो की भाषण. ही गोष्ट थोड्या कुरबुरीनंतर मान्य झाली. दुसरी अशी की गायन पार्टीला सात वाजता मंच द्यायचा आणि सत्कार शेवटी ठेवायचे. यावर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, मग मान्यवर थांबतील का? वाद रात्री साडेबारापर्यंत चालला आणि निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. मान्यवर थांबणार नसतील तर खुर्च्या कमी लागतील, असे आमचे म्हणणे आहे. त्या उचलणाऱ्या पोरांचे तेवढे ओझे हलके होईल.